हेलिकॉप्टरची गोधडी

कंपनीत लागले त्या दिवशी माझी एका कागदावर सही घेतली. आपण काय शिवतो, कोणासाठी शिवतो, ते कुठं जातं, हे बाहेर बोलायचं नाही. मी बारावी शिकलेली साधी बाई. ते मी इतकं मनावर घेतलं, की घरी यांनी "आज डब्यात काय नेलं होतंस?" असं विचारलं तरी मला दचकायला व्हायचं.

पण सांगायच्या नाहीत त्या गोष्टी बाजूला काढल्या, तर उरलेल्याच जास्त निघाल्या. भिशीला बायका म्हणतात, "निमाताई, तुमच्या कंपनीतलं काही सांगा ना." मी म्हणते, "सांगता येत नाही हो." आणि मग चहा दोनदा होईपर्यंत सांगत बसते.

एवढं सांगायला हरकत नाही, की आम्ही हेलिकॉप्टर बनवत नाही. ते दुसऱ्या राज्यातली एक मोठी कंपनी बनवते, फौजेसाठी, आणि परदेशातही विकते. आम्ही नागपूरला त्याच्या आतलं शिवतो. सीटची कव्हरं, पट्टे, आणि पंख्याचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना आतून लावायच्या जाड रजया. इंग्रजीत त्यांचं नाव लांबलचक आहे. मी पहिल्यांदा पाहिलं तर वर कापड, खाली कापड, मध्ये भरण आणि ओळीनं टाके. मी म्हटलं, "ही तर गोधडी."

आमचे मॅनेजर खानझोडे साहेब फार सज्जन माणूस, पण तेव्हा कळवळून म्हणाले, "ताई, याला गोधडी नका म्हणू. बाहेरच्या लोकांसमोर तर अजिबात नका म्हणू."

आता सगळी कंपनी गोधडीच म्हणते. साहेबसुद्धा.

*

आम्ही बेसाला राहतो. माझ्या नोकरीचा यांना माझ्यापेक्षा जास्त अभिमान. सोसायटीत कोणी विचारलं की सांगायचे, "आमची ही हेलिकॉप्टरमध्ये आहे."

लोक माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. भाजीवाल्याजवळ मला पुढे जागा करून द्यायचे. एका मुलीनं मला विचारलं, "काकू, वरून भीती नाही वाटत?" खरं सांगावं तर सही केलेली. मी नुसती हसले. त्या हसण्यानं तर सगळ्यांची खात्रीच पटली.

एके दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात भेटले. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाले, "वहिनी, गच्चीवर टाकीच्या बाजूला जागा आहे. पण तिथं लोक कपडे वाळू घालतात. तेव्हा उतरण्याआधी जरा ग्रुपवर टाकत जा."

मी "बरं" म्हटलं. अजून काय म्हणणार?

*

शिलाई विभागासाठी बायका मीच गोळा केल्या. जाहिरात देऊन कोणी येईना, कारण हेलिकॉप्टर म्हटलं की बायकांना वाटायचं, डिग्री लागेल. मग मी ओळखीतून घरोघरी गेले. वाडीला गेले, उमरेडला एसटीनं गेले.

उमरेडला शकू भेटली. माहेर भंडाऱ्याकडचं, धानवाल्यांचं. हात असा की टाका मोजून घ्यावा. पण सासू कडक. मी समजावून सांगितलं, की हेलिकॉप्टरच्या गोधड्या शिवायच्या आहेत. म्हातारीनं पुष्कळ विचार केला आणि विचारलं, "त्याच्यात झोपते कोन?"

"कोणी झोपत नाही मावशी. आवाज येऊ नये म्हणून असतात."

"अन् काम बंद पडलं तं? मंग रोज नागपूरले जायची लागलेली सवय कोन सोडवन?"

मी म्हटलं, "काम बंद पडणार नाही. माझा शब्द." साहेबांनी मला असा कोणताच शब्द दिलेला नव्हता. मी मात्र उमरेडपासून वाडीपर्यंत प्रत्येक सासूला तो देऊन आले.

शकू आली आणि पहिली गोधडी झाली. शेवटचा कोपरा राहिला तेव्हा तिनं कमरेच्या पिशवीतून हळद लावलेले चिमूटभर तांदूळ काढले, कोपऱ्यात घातले आणि शिवण बंद केली. आमच्याकडे गोधडीचा शेवटचा कोपरा रिकामा शिवत नाहीत. पांघरणाऱ्याचं पोट भरलेलं राहावं म्हणून. माझ्या आजेसासूबाईंनी मला हेच शिकवलं होतं. सगळ्याच बायका ते करत होत्या आणि त्यात सांगण्यासारखं काही आहे असं कोणालाच वाटलं नाही. ड्रॉइंगमध्ये ते नव्हतं, हे खरं. पण सुईत दोरा ओवा, हे तरी ड्रॉइंगमध्ये कुठं लिहिलेलं असतं?

*

पहिली मोठी ऑर्डर एका लहान देशाची आली. नाव सांगत नाही. आम्ही त्यांना "पाहुणे" म्हणायचो. कापड आलं, भरण आलं, आणि काम थांबलं.

साहेबांनी सगळ्यांना बसवून समजावलं. हेलिकॉप्टर आपलं असलं तरी त्याचं इंजिन दुसऱ्या एका मोठ्या देशाचं. ते कोणाला विकायचं, याला त्या देशाची परवानगी लागते. आणि पाहुण्यांनी मागं एका जागतिक सभेत त्या देशाच्या विरोधात हात वर केला होता, म्हणून परवानगी अडली.

शकू म्हणाली, "म्हंजे हेलिकॉप्टर आपलं, गिऱ्हाईक आपलं, अन् इंजिनवाली सासू."

"तसं नाही शकूबाई, हे आंतरराष्ट्रीय राजकारण..."

"तसंच हाये जी साहेब. तिले विचारल्याबिगर उंबरठा ओलांडता येत नाही, म्हंजे सासूच."

तेव्हापासून त्या देशाचं नाव सासू पडलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी पुढचं सांगितलं, ते ऐकून आम्हीही हसलो नाही. ही ऑर्डर गेली तर शिलाई विभाग बंद होणार होता. मशीन दुसऱ्या प्लांटला जाणार, बायका घरी. माझ्या डोळ्यांसमोर उमरेडची म्हातारी उभी राहिली.

मी वर्तमानपत्राचं परदेशी बातम्यांचं ते पान वाचायला लागले, जे आजवर डबा गुंडाळायलाच घेत होते. मला काही कळत नव्हतं. हे रोज संध्याकाळी समजावायचे आणि रोज वेगळं समजावायचे.

शेवटी पुन्हा ती जागतिक सभा भरली. पुन्हा तसाच हात वर करायची वेळ आली. साहेबांना मोठ्या कंपनीतून कळलं, की नेमक्या त्या वेळी पाहुण्यांचा माणूस चहा घ्यायला बाहेर गेला होता. हात वरही नाही, खालीही नाही. काही दिवसांनी परवानगी आली.

आमच्या सगळ्यांची नोकरी एका कप चहावर वाचली होती. शकू म्हणाली, "तो चहा कोनं देला त्याले? एक गोधडी त्या चहावाल्याले पाठवा जी."

*

मग पाहुणे स्वतः काम बघायला येणार असं ठरलं. त्यांच्या फौजेचे एक कर्नल, त्यांचे अधिकारी आणि दिल्लीचा एक दुभाषी. त्याच दिवशी सासूकडचे तपासनीसही येणार. दोघांचं आपसात जमत नव्हतंच. एका फोटोत दोघं आले नाही पाहिजेत, अशी वरून सूचना होती.

ओवाळायचं काम माझ्याकडे. मी साहेबांना विचारलं, "पहिले कोणाला?"

"पाहुण्यांना. गिऱ्हाईक आहेत." थोड्या वेळानं ते पुन्हा आले. "मोठ्या कंपनीचा फोन होता. पहिले इंजिनवाल्यांना." मग आणखी एक फोन आला. साहेबांनी कपाळ पुसलं आणि म्हणाले, "ताई, तुम्हीच बघा."

दोन्ही गाड्या एकदमच आत आल्या. दोन्हींची दारं एकदम उघडली. समोर पांढऱ्या कपड्यांतला, टोपी घातलेला एक माणूस अदबीनं उभा होता. मला तीच सुटका वाटली. मी त्याला टिळा लावला, अक्षता लावल्या, नीट तीनदा ओवाळलं.

तो आमच्याच कंपनीचा ड्रायव्हर होता. दार उघडून धरायला उभा होता बिचारा. त्यानं टोपी काढली, डोळे मिटले आणि भावासारखी खिशातून एक नोट काढून ताटात टाकली.

दोन्हीकडचे लोक हे बघत होते. त्यांना वाटलं, इथली रीतच अशी असावी. दोन्ही पार्ट्या गुपचूप ड्रायव्हरच्या मागं रांगेत उभ्या राहिल्या आणि दोघांनीही आपापल्या देशाच्या नोटा ताटात टाकल्या. आमच्यापेक्षा दुसरा पुढे गेला, अशी कोणाचीच तक्रार नव्हती. मोठ्या कंपनीच्या साहेबांनी खानझोडे साहेबांचा हात हातात घेऊन सांगितलं, "काय विचार केलाय!"

आता कोणीही येवो, पहिला टिळा ड्रायव्हरला. पाहुणे यायचे असले की तो आदल्या दिवशी कटिंग करून येतो.

*

पाहुण्यांनी आपलीही एक अट पुढे केली. आम्ही तुमची हेलिकॉप्टरं घेतो, तुम्ही आमचा तांदूळ घ्या. दिल्लीत त्यावर बोलणी सुरू होती. कर्नलसाहेबांनी भेट म्हणून त्यांचा थोडा तांदूळ आणला होता आणि दुपारच्या जेवणात तोच असावा, अशी त्यांची इच्छा होती.

कॅन्टीनवाल्यानं हात वर केले. "बिघडला तर देशाचं नाव जाईल, आपल्याले नाही जमत." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

मी चांगला निवडून, धुऊन, नेहमीसारखा भात लावला. झाकण काढलं तर आत एकच गोळा. चमचा उभा राहत होता. हेलिकॉप्टरची ऑर्डर, दिल्लीची बोलणी, सासूची परवानगी, सगळं निभावलं आणि बुडवलं कोणी, तर निमाताईनं, भातात पाणी जास्त घालून.

शकू म्हणाली, "घाबरून काहून राहिली ताई? गोळाभात करून टाकू."

मग बेसनाचे गोळे वाफवले, भातावर मांडले, लसणाची नि लाल मिरचीची कडकडीत फोडणी वरून ओतली, बाजूला कढी. दिसत काही नव्हतं खालचं. मी मनात म्हटलं, लपलं एकदाचं.

कर्नलसाहेब हळूहळू जेवले. घाम पुसला. पुन्हा वाढून घेतला. मग दुभाष्याशी काही बोलले. तो मला म्हणाला, "त्यांचा तांदूळ चिकटच होतो, तुम्ही अगदी बरोबर शिजवला आहे. पण कर्नलसाहेब म्हणतात, आजवर त्याच्याशी असं कोणी वागलं नव्हतं."

ही तारीफ होती का, हे मी यांना विचारलं. हे म्हणाले, ते दिल्लीवर अवलंबून आहे.

*

तांदळाची बातमी पेपरात आली आणि दुसऱ्या दिवशी आमच्या गेटवर मोर्चा. परदेशी तांदूळ येऊ देणार नाही. पुढारी कोण, तर शकूचा सख्खा भाऊ वासुदेव. भंडाऱ्याकडे धान पिकवणारा. कमरेचा तो हळदीचा तांदूळ शकूला त्याच्याच घरून यायचा.

शकू गेटपाशी गेली. मीही मागं.

"काहून आला गा दादा?"

"तुमची कंपनी परदेशी तांदूळ आनून राहिली."

"आमची कंपनी गोधड्या शिवते. तांदूळ दिल्लीवाले आनून राहिले. तिकडं जा न."

"दिल्ली लांब हाये. तू जवळ पडते."

खरं म्हणजे दोघांचंही बरोबर होतं. ऑर्डर गेली तर शकू घरी बसणार होती आणि ऑर्डर राहिली तर तिच्या भावाच्या धानाला भाव राहील का, याची त्याला धास्ती होती. मग बहिणीनं विचारावं तेच तिनं विचारलं. "जेवला का?"

सकाळपासून कोणीच जेवलं नव्हतं. कर्नलसाहेब अजून नागपुरातच होते आणि त्यांचा तांदूळ संपायचा होता, म्हणून त्या दिवशीही मला गोळाभात करावा लागला होता. घमेलंभर उरला होता. शकूनं तो गेटवर आणला आणि सगळ्या मोर्चाला वाढला. मी कढी वाढत गेले. आपण काय करतो आहोत, हे मला अर्ध्या रांगेत आल्यावर कळलं, आणि मग थांबणं जास्त वाईट दिसलं असतं.

वासुदेवभाऊंनी बोटं चाटली. "भात झकास झाला वं. कोनता तांदूळ हाये?"

शकूनं त्यांच्या पानात आणखी एक गोळा टाकला. "पाहुन्यायचा."

त्यांचा हात थांबला. त्यांनी पानाकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. मग पान पुसून संपवलं, हात धुतला आणि घोषणा द्यायला पुन्हा उभे राहिले. फक्त जरा हळू आवाजात.

*

जाण्याआधी कर्नलसाहेब शिलाई विभागात आले. खाली बसून गोधडीचे टाके बघत होते. मला एक प्रश्न फार दिवस छळत होता. ही हेलिकॉप्टरं विकताना अटींचा ढीग असतो, हे ऐकून होते. आपली अट, की स्वतःच्या माणसांवर वापरायची नाहीत. सासूची अट, की अमुक सीमेजवळ न्यायची नाहीत. त्यावरची बंदूक बनवणाऱ्याची तिसरीच. साहेब एकदा वैतागून म्हणाले होते, "मग उडवायची कुठं? ताईंच्या गच्चीवर?"

मी दुभाष्याला म्हटलं, "यांना विचारा, यात बसून हे काय करणार?"

साहेबांना एकदम खोकला लागला. पण दुभाष्यानं विचारलं होतं.

कर्नलसाहेब म्हणाले, त्यांच्याकडे नद्या फार. पूर आला की माणसं छपरावर चढून बसतात. यातून त्यांना उचलून आणतात. मी हात जोडले. तेवढ्यात ते आणखी एक वाक्य बोलले आणि दुभाषी जरा थांबला.

"म्हणतात, दुसरं कामही करतो. तुम्ही विचारलं म्हणून खोटं सांगत नाही."

मशीनचे आवाज बंद झाले होते. मला वाटलं, काही मोठं, चांगलं बोलावं. शकूनं आपलं मशीन पुन्हा चालू केलं आणि मान खाली घालूनच म्हणाली, "छपरावरचे लोक ओले असतीन ताई. आतलं कापड उबदार घ्या जी."

दुसऱ्या कामाबद्दल आम्ही दोघी काही बोललो नाही. घरी जाऊन यांना सांगणार होते. मग सही आठवली. सही बऱ्याच वेळा उपयोगी पडते.

*

पहिलं हेलिकॉप्टर पाहुण्यांकडे पोचलं. आम्ही पेढे वाटले. आणि मग एके सकाळी साहेबांनी मला वर बोलावलं. मला वाटलं, कर्नलसाहेबांना गोळाभाताची कृती हवी असेल. जिना चढता चढता मी बेसनाचं प्रमाण आठवत होते.

वर मोठ्या पडद्यावर कर्नलसाहेब होते, दुभाषी होता आणि काळा चष्मा लावलेला एक माणूस होता, ज्याची ओळख कोणी करून दिली नाही. बाजूला एक काळंपांढरं चित्र. आमची गोधडी, मशीनमध्ये घालून आतून काढलेला फोटो. कोपऱ्यात बारीक बारीक ठिपके. त्यांनी पुढची गोधडी दाखवली. तिथंही. त्याच कोपऱ्यात. सगळ्यांमध्ये.

त्यांची समजूत झाली होती की ही बोलणं ऐकायची यंत्रं आहेत. आपल्या देशानं बसवली, नाहीतर सासूनं. ऑर्डर थांबवली होती. खानझोडे साहेबांचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला होता. "ताई, हे काय आहे?"

मी चष्मा पुसून नीट पाहिलं. आणि खरं सांगू, मला आधी बरंच वाटलं. सगळे कोपरे भरलेले होते. एकही बाई चुकली नव्हती.

"तांदूळ आहेत," मी म्हटलं. "हळद लावलेले."

मी मग सगळं सांगितलं. शेवटचा कोपरा रिकामा शिवत नाहीत, पांघरणाऱ्याचं पोट भरलेलं राहावं म्हणून.

काळ्या चष्म्यानं विचारलं, "कोणाच्या सांगण्यावरून?"

"आजेसासूबाईंच्या."

त्यानं ते लिहून घेतलं. "त्या आता कुठं आहेत?"

"वारल्या हो."

त्यानं तेही लिहून घेतलं.

पडदा बंद झाल्यावर साहेब मला रागावले नाहीत, तेच मला जास्त लागलं. खाली येऊन मी बायकांना सांगितलं. मशीनवर कापड टाकून आम्ही बसून राहिलो. वरून कळलं की मशीन न्यायला ट्रक ठरतो आहे. मी मनातल्या मनात उमरेडच्या म्हातारीशी बोलण्याची तयारी करत होते. शकू म्हणाली, "तुम्ही नका येऊ ताई. मीच सांगन तिले. तुमच्यानं खोटंही बोलनं होत नाही अन् खरंही."

पुन्हा वर बोलावणं आलं तेव्हा मी शकूला बरोबर नेलं. पडद्यावर या वेळी एकटे कर्नलसाहेब आणि दुभाषी. साहेबांनी घाईनं सुरुवात केली. "सर, आम्ही सगळे तांदूळ काढून टाकतो. आमच्या खर्चानं. एक दाणा ठेवत नाही."

दुभाषी म्हणाला, "काढू नका. इथं सगळ्या पायलटना ते कळलं आहे. आता रिकाम्या कोपऱ्याच्या हेलिकॉप्टरमध्ये बसायला कोणी तयार नाही."

कर्नलसाहेब पुढे बोलले.

"पण एक अडचण आहे. आम्ही तुम्हाला आमचा तांदूळ घ्या म्हणतो आहोत. अशा वेळी आमच्या फौजेच्या हेलिकॉप्टरमध्ये तुमचा तांदूळ आहे, हे आमच्या पेपरात आलं तर सरकारला तोंड दाखवता येणार नाही. तेव्हा कोपरा हवा. तांदूळ आमचा."

ट्रक रद्द झाला. दिल्लीतली तांदळाची बोलणी तोवर फिसकटलीच होती, त्यामुळे पाहुण्यांकडून या देशात शेवटी जो काही तांदूळ आला, तो एवढाच आला. तोही सरकारी शिक्के मारून, बंद गाडीतून, बरोबर एक शिपाई देऊन.

गाडी गेटवर आली आणि अडली. कारण मोर्चा गेला तरी वासुदेवभाऊंनी पिच्छा सोडला नव्हता. दर आठवड्याला येऊन ते गेटजवळच्या कडुलिंबाखाली पहारा द्यायचे. ते गाडीसमोर आडवे उभे राहिले. आम्ही धावत खाली गेलो. साहेब, मी, शकू.

"गाडीत काय हाये?" वासुदेवभाऊंनी विचारलं.

साहेब अडखळायला लागले. शकू म्हणाली, "तांदूळ."

"परदेशी?"

"हो."

"किती?"

शकूनं शिपायाकडून पाकीट घेतलं आणि भावाच्या हातावर ठेवलं. एका तळहातावर मावलं ते. "गोधडीच्या कोपऱ्यात घालाले. तुहाच घालत होते मी इतके दिवस. आता ते म्हनतात, आमचा घाला."

वासुदेवभाऊंनी पाकीट तोललं. गाडी, शिपाई, सरकारी शिक्का, सगळ्याकडे एकदा पाहून घेतलं. शिपाई घाबरून आमच्याकडे बघत होता. साहेबांनी डोळे मिटले होते.

"कोपऱ्यातच न?"

"कोपऱ्यातच."

त्यांनी पाकीट बहिणीला परत दिलं आणि गाडीच्या वाटेतून बाजूला झाले.

"जाऊ दे," ते म्हणाले. "पन हळद आपली लावजो वं."